तळघरातली चाळणी

माझी बहीण जोहाना रविवारी येणार होती आणि येताना आईसाठी वृद्धाश्रमाचे कागद आणणार होती.

"सिरिल, त्र्याऐंशी वर्षांची बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात कोट घालून बसते," ती फोनवर म्हणाली. "घर गरम होत नसेल तर मी तिला घेऊन जाणार. विषय संपला."

विषय संपवायची तिला लहानपणापासून खोड आहे, आणि ती माझ्या डोक्यात जाते. पण कोटाचं खरं होतं.

आमच्या तळघरातला बॉयलर कोळसा आपला आपण ओढून घेतो. शेजारच्या पिंपात बारीक कोळसा ओतायचा. लान्सफर्डमध्ये, आमच्या या खाणीच्या गावात, त्याला तांदूळच म्हणतात. तो उतरत्या जाळीवर हळूहळू सरकतो, खालून पंखा वारा देतो आणि टोकाला पोचेपर्यंत राख होऊन डब्यात पडतो. आमच्या डब्यात मात्र काळाकुट्ट, अर्धाकच्चा कोळसा पडत होता. घर गार, म्हणून मी जाळीवर येणारा कोळसा वाढवला. आणखी गार झालं, म्हणून आणखी वाढवला. गुरुवारी बॉयलरला लाथ घातली. अंगठा सुजला.

"व्हेरोनाला बोलव," आई म्हणाली.

टेटा व्हेरोना म्हणजे आईची शेजारीण. टेटा म्हणजे मावशी, गल्लीत सगळे तिला तेच म्हणतात. चर्चच्या तळघरातला बॉयलर तिने तीस वर्षं सांभाळला. शुक्रवारी सकाळी ती एक लांब स्क्रूड्रायव्हर आणि अक्रोडाची पोळी घेऊन आली. बॉयलरचं दार उघडून पाच मिनिटं नुसती बघत राहिली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तुझी घाई दिसतेय."

तिने आग विझू दिली आणि जाळी खरवडली. वाऱ्याची निम्मी भोकं बुजलेली होती. मग पिंपातून मूठभर कोळसा काढून तळहातावर पसरला. चकचकीत खड्यांत करडे, भाजके तुकडे आणि राखेची पूड.

"त्या कोळसेवाल्याला आत्ता बघतो!" मी फोनकडे धावलो.

"बस खाली. त्याने काय केलंय?" टेटाने जिन्याकडे पाहिलं. मधल्या पायरीवर आई उभी होती. तिच्या बोटांची टोकं काळी होती. बटाट्याच्या पोत्यामागे चाळणी सापडली.

"फेकून द्यायचा होता का?" आई तडकून म्हणाली. "आम्ही सहा भावंडं खाणीच्या ढिगावरून एकेक खडा वेचायचो. थंडीनं बोटं फुटायची. आणि तू डबे भरभरून बाहेर टाकतोस!"

म्हणजे मी जास्त ढकलायचो, ते कच्चं पडायचं. आई ते चाळून परत पिंपात टाकायची, त्यातल्या पुडीने भोकं बुजायची आणि आग आणखी मरायची. दोघांनी मिळून घर गोठवलं होतं. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात टेटाने माझा दंड दाबला.

"पॉलिना, वेचू नको असं मी तुला सांगणार नाही," ती आईला म्हणाली. "ज्या आगीच्या राखेत वेचण्यासारखं उरतं, ती आगच वाईट. रविवारी चाळून दाखव मला."

या बाईपुढे मी तिथेच मनातल्या मनात टोपी काढली. मला दहा जन्मांत असं बोलायला सुचलं नसतं.

पिंप रिकामं केलं. जाळीचं एकेक भोक तिने खिळ्याने मोकळं केलं. नवा कोळसा भरून पेटवला, माझा वाढीव कोळसा उतरवत उतरवत निम्म्यावर आणला. मग वाऱ्याची झडप जराशी फिरवून खुर्ची ओढून बसली. मी झडपेला हात लावायला गेलो तर फटका बसला.

"एक फिरवलं की तीन तास बसायचं. आग काय तुझ्यासारखी उठसूट तडकते?"

शुक्रवार गेला, शनिवार गेला. ताप उतरणाऱ्या लेकराकडे बघावं तशी ती आगीकडे बघायची. शनिवारी दुपारी जाळीवर निळ्या ज्वाळा नाचू लागल्या आणि टोकाशी दोन बोटं रुंद राखेचा पट्टा दिसला; कोळसा आता पडायच्या आधीच पुरता जळत होता. "आता हात लावशील तर याद राख," ती मला म्हणाली.

रविवारी सकाळी आईने थंड झालेली राख चाळायला घेतली. टेटा आणि मी चाळणीवर वाकलो. मऊ करडी पूड खाली गळून गेली आणि चाळणीत चार पांढुरके खडे उरले. आईने एक चिमटीत धरला. त्याचा भुगा झाला.

"काहीच नाही गं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही. पाय घसरू नये म्हणून तीच राख तिने दारातल्या बर्फाळ पायऱ्यांवर पसरली.

जोहाना त्याच पायऱ्या चढून आली. कागद काखेत होते. स्वयंपाकघरात पाच मिनिटं बसली, मग गळ्याचा रुमाल सैल केला.

"एवढं काय तापवून ठेवलंय?" ती वैतागून म्हणाली आणि कोट काढला.

आईने तो तिच्या हातातून घेतला आणि खुंटीवर अडकवला, स्वतःच्या कोटाशेजारी.