माझ्या अंगावर आखलेली जहाजं

अहो, मान खाली करा जरा. वर कसले लोखंडी वासे बघत उभे राहिलात? इथे येणारा प्रत्येक जण आधी छत बघतो, मग त्या लांबलचक खिडक्या बघतो, मग दोन्हींचे फोटो काढतो. आणि ज्या माझ्यावर उभा राहून हे सगळं करतो, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मी या माडीची लाकडी जमीन. जुन्या नौदल गोदीतल्या आखणीघराची. शंभरी केव्हाच ओलांडली आहे. पण दीड-दोन वर्षांपूर्वी मला घासून गुळगुळीत करायचं ठरलं. तेच सांगायचंय.

जहाजाला जी फळी चालणार नाही ती जमिनीलाही नको, असा मला घडवणाऱ्या सुतारांचा हट्ट होता. एकेक फळी निवडून, सांध्यात नखही शिरणार नाही अशी त्यांनी मला बसवली आणि वरून काळा रंग दिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये एकही खांब नाही. एवढी जागा कुणाला नाचायला नव्हती दिली. इथे युद्धनौका आखायच्या होत्या.

कागदावर जहाज हातभर असतं. खाली कारखान्यात पत्रा कापायचा तर खरं माप लागतं. म्हणून जहाजाची प्रत्येक फासळी माझ्यावर खऱ्या आकाराची काढायचे. आधी खडूने, मग लोखंडी टोच्याने ओरखडून. त्यावरून फळ्यांचे साचे करायचे, ते साचे खाली जायचे आणि त्याबरहुकूम पत्रे वाकायचे. जहाज माझ्यापेक्षा लांब, मग नाक आणि शेपूट एकावर एक आखायचे. नवख्याला वाटायचं, कुणीतरी नुसतं गिरगटून ठेवलंय. जाणकाराला मात्र त्यात अख्खं जहाज दिसायचं.

नियम एकच, पण कडक: पादत्राणं दाराबाहेर. एकदा नौदलाचा बडा अधिकारी आला, छातीवर पदकांची रांग. त्यालाही बूट काढायला लावले. मोज्यातून अंगठा बाहेर! आखणारे सतरा जण दिवसभर खुदखुदत होते.

त्या सतरांचे मुख्य ते गुडघेमास्तर. दिवसभर गुडघ्यांवर रांगून काम करायचे, म्हणून हे नाव. तोंडाने फटकळ, पण हात असा की काय सांगू! लांब लवचीक पट्टी खिळ्यांमध्ये वाकवून रेघ ओढायची, मग डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवायचा. "इथं पोट सुटलंय," म्हणाले की पट्टी परत वाकवायची. पाण्याला आवडेल अशी रेघ त्यांच्या हाताला कळायची. माझा त्या माणसावर जीव होता, अगदी स्पष्टच सांगते.

मग नौदलाने गोदी सोडली. शेवटच्या दिवशी मास्तरांनी मला झाडून काढलं आणि दाराला कुलूप लागलं. त्यानंतर माझ्याकडे फक्त कबुतरं यायची. त्यांना शिस्त नाही, एवढंच म्हणते.

पुढे गोदीला नवं रूप द्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, अकरा वर्षं नुसतं ठरतच होतं! माणसं टेप घेऊन यायची, मोजायची, जायची. दुसरी यायची, तेच परत मोजायची. पण एक मान्य करायला हवं, हात लावला तो मायेने लावला. लोहारशाळेची एकेक वीट काढून, साफ करून पुन्हा बसवली. दोरखंडांच्या कोठारात वाचनालय झालं. माझ्या खिडक्यांच्या चारशे काचांपैकी ज्या शाबूत होत्या त्या तशाच ठेवल्या. हे सगळं बघणारी आर्किटेक्ट बाई स्वतः शिडीवर चढायची.

आणि त्याच शहाण्या बाईने मला पॉलिश करायला माणूस बोलावला! सभा-समारंभांना ही माडी भाड्याने द्यायची होती. पॉलिशवाल्याने मला बघितलं आणि चुकचुकला. "बाई, केवढे ओरखडे पडलेत हो! दोन दिवसांत साफ करतो." नमुना म्हणून खिडकीखालचा कोपरा त्याने लगेच घासला. नेमकी तिथे मास्तरांची शेवटची नौका होती. क्षणात भुगा झाला. मी काय करणार? जमीन ओरडत नाही.

बाकीचं सोमवारी घासायचं होतं. रविवारी गोदी बघायला लोकांना आत सोडतात. त्या गर्दीत लेकीचा हात धरून मास्तर आले. वाकलेले, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही असे. पॉलिशवाला मशीन वर चढवत होता, बाई शेजारीच होती.

"बाबा, सावकाश," लेक म्हणाली. तोवर ते गुडघ्यांवर बसलेसुद्धा. तळवा रेघांवरून सरकायला लागला. "ही सुरुंग काढणारी बोट... हे हिचं नाक... ही मोठीची बारावी फासळी." बघायला आलेले लोक भोवती जमले. बाई त्यांच्या शेजारी खाली बसली. हात सरकत सरकत खिडकीखाली गेला आणि गुळगुळीत लाकडावर थांबला.

पॉलिशवाल्याचा चेहरा पडला. "काका, चुकलं. आम्हाला वाटलं नुसते ओरखडे आहेत."

"अहो, चुकलं कसलं? आम्हीच हिला दर आठ-दहा वर्षांनी तासून काढायचो. नवीन जहाजाला जागा नको का?"

घ्या! सगळ्यांसमोर बिंग फोडलं. हो, खरं आहे. मला सात वेळा तासलंय. स्वतःच्या तोंडाने कोण सांगतं?

बाईचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे घासलं तर चालेल ना?"

"घासा की. पण घासून आखणार काय?"

बाईने नकारार्थी मान हलवली.

"काहीच नाही? मग कशाला उगीच हिचे हाल करता?"

बाईने घासलेल्या कोपऱ्यावरून एकदा हात फिरवला. मग पॉलिशवाल्याला म्हणाली, "मशीन खाली न्या." त्याने ते एकट्याने खाली नेलं.

पुढे गोदीचा कारभार बघणाऱ्या समितीत वर्षभर कागद फिरले. शेवटी ही माडी लाकडी होड्या बांधणाऱ्या दोघी बहिणींना मिळाली. थोरली हिशेबी, धाकटी धांदरट, दोघींचे गुडघे अजून कोवळे. परवा त्यांनी खिडकीखालच्या त्याच कोपऱ्यात पहिली होडी आखायला घेतली. मास्तरांना लेक धरून वर घेऊन आली. त्यांनी डोळे मिटून रेघेवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "इथं पोट सुटलंय." थोरली लाल झाली. दोघींनी पट्टी परत वाकवली, परत आखलं. तिसऱ्या खेपेला मास्तर काहीच बोलले नाहीत. नुसता हात तिथेच ठेवून बसले. मला रडू आलं हो.

तुम्ही बघायला आलात, बरं वाटलं. जाता जाता त्या पोरींना माझा एक निरोप द्या. होडी पाण्यात उतरली की ही रेघ जपत बसू नका म्हणावं. खुशाल तासा मला, आणि दुसरी आखा.