वामनरावांनी लावलेला ‘पास’चा अर्थ

या, असे जवळ सरकून बसा, सतरंजी पुरेल सगळ्यांना. आज एका खेळाची गोष्ट सांगतो. तीत एका कीर्तनवेड्याची फजिती आहे. हसू आलं तर दाबू नका. तो वेडा तुमच्या-आमच्यातलाच.

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले तेव्हाची ही गोष्ट. वामनराव अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात कारकून होते. इंग्रजी चौथीपर्यंत, कीर्तनं मात्र शेकड्यांनी ऐकलेली. जिनात यंत्र बसवायला आलेल्या अमेरिकन साहेबाने आपल्या मुलखातला फुटबॉल सोबत आणला होता. चेंडू डांगरासारखा, म्हणजे खरबुजासारखा लांबट. तो काखेत घेऊन पळायचं, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा पावलं सरकलं नाही तर चेंडू समोरच्यांचा. शेवटची रेघ ओलांडली की एक डाव आपला.

मालक शेटजींची दोन जिनं, एक अकोल्यात, एक अमरावतीत. कपाशीचा हंगाम सरलेला, म्हणून दोन्हीकडे अकरा-अकरा गडी नुसते खेळण्यासाठी हजेरीपटावर ठेवलेले. त्यात एका नावाजलेल्या कीर्तनकार बुवांचे चैत्रातले सातच दिवस मोकळे होते आणि ते दोन्ही गावांना हवे होते. शेटजींनी ठरवलं, सामना जिंकेल त्या गावाला बुवा. अकोल्याचे कर्णधार वामनराव. त्यांनी त्याच दिवशी जठारपेठेत घरोघर सांगून टाकलं की बुवा येताहेत. आधी जिंकावं लागेल ना, असं सत्यभामाबाई म्हणाल्या. बायकोचा तो ‘आधी’ वामनरावांना जरा क्षुद्रच वाटला.

साहेबाला मराठी येत नसे, तेव्हा त्याच्या बोलण्याचं निरूपण वामनरावांकडे. खेळ शिकवताना साहेब ओरडायचा, “पास! पास!” एवढी हिंदी तरी शिकला बिचारा, असं वामनरावांना कौतुक वाटलं. त्यांनी गड्यांना अर्थ सांगितला: पास पास, म्हणजे एकमेकांच्या जवळ राहा. झालं. अकरा जण चिकटून उभे, मधोमध काखेत चेंडू घेतलेले वामनराव, आणि मग सगळ्यांचा मिळून रेटा. अर्थ सापडला की तो फुलवायचा, ही त्यांची खोड. चेंडू म्हणजे प्रसाद, ते म्हणाले; प्रसाद कोणी फेकतं का?

गड्यांतल्या माळ्याच्या भगवंताला हे पटेना. मोर्णेच्या पात्रात त्याची डांगरवाडी होती. खालून काठावरच्या बैलबंडीत डांगरं फेकून त्याचा हात बसलेला.

“वामनराव, साहेब फेकून दाखवून राह्यला, अन् तुमी जवळ राहा म्हनता. काहून?”

“माशा हाकलून राह्यला तो.”

“रोज इतक्या माशा?”

गडी हसले. वामनरावही हसले, पण फेकणं बंदच ठेवलं.

सामन्याच्या दिवशी दोन्हीकडे एकेक डाव झाला. मग अमरावतीकरांनी रेटा ओळखला आणि भिंतीसारखे उभे राहिले. दिवस कलला. अकोल्याचे तीन प्रयत्न त्या भिंतीवर फुकट गेले. रेघ अजून तीस पावलं लांब आणि हाती एकच प्रयत्न. साहेबाला राहवेना. तो डाव थांबवून आत आला, त्याने वामनरावांच्या काखेतून चेंडू ओढला, त्यांच्या कानाशी “पास!” म्हणाला आणि चेंडू भगवंताकडे फेकला.

वामनरावांचं महिन्याभराचं निरूपण तिथेच मातीत बसलं. साहेबाने आजच विचार बदलला असं सांगता आलं असतं. तसं मनात आलंही, खोटं कशाला बोला. पण दहा तोंडं त्यांच्याकडे पाहत होती.

“पोरहो, अर्थ म्याच चुकीचा लावला,” ते म्हणाले. “भगवंता, तू फेक. मी पुढे पयतो.”

ते रिकाम्या हातांनी पळाले. चेंडूशिवाय हा मनुष्य काय करणार, म्हणून अमरावतीचं कोणी त्यांच्याकडे बघितलंही नाही. भगवंताने फेकलेला चेंडू सरळ त्यांच्या पुढ्यात आला, रेघेच्या पलीकडे. आता झेलायचाच काय तो होता. पण फेकणं बंद म्हणजे झेलणंही बंद, हे त्या निरूपणकाराच्या महिनाभर ध्यानात आलं नव्हतं. तीर्थ घ्यावं तशी त्यांनी ओंजळ पुढे केली. चेंडू ओंजळीवर आपटून उडाला आणि मातीत पडला.

मग अमरावतीकरांनी तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या रेघेपार नेला आणि सामना जिंकला. तोही रेटतच.

वामनराव पुन्हा जठारपेठेत घरोघर गेले, या वेळी बुवा येत नाहीत हे सांगायला. लोकांनी त्यांना आधीच बातमी ऐकवली. चैत्रात ते अमरावतीला कीर्तन ऐकायला निघाले, तेव्हा भगवंत बरोबर होता, प्रसादासाठी गोणीभर डांगरं घेऊन. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर भगवंत दहा पावलं मागे सरकला.

“घ्या. हात मांगं नेत नेत झेला.”

पहिलं फुटलं. दुसरंही फुटलं. तिसरं वामनरावांच्या पोटाशी अलगद येऊन राहिलं.

वामनरावांना हसून झालं असेल तर आता त्या भगवंताची आठवण ठेवा. महिनाभर त्याचंच खरं होतं, आणि नंतर एका शब्दानेही त्याने ते बोलून दाखवलं नाही.