पहिली धार

"पयली माझी धार गं, मुक्या जीवाच्या ओठाला,
मग भर गं चरवी, माझ्या लेकराच्या पोटाला."

भागूबाईचा हा आवाज ऐकून साठ वर्षं होऊन गेली. आवाज काही गोड नव्हता, पहाटेच्या गारठ्याने घोगराच झालेला असायचा. पण तो ऐकला की गाय पान्हा सोडायची आणि गोठ्यातलं मांजर तोंड उघडून बसायचं. भागूबाई सड जरासा वळवायची. दोन-चार धारा नेमक्या मांजराच्या तोंडात. मग मला गुडघ्यांत धरायची. तिच्या पाठीला पाठ लावून तिचं शेंबडं पोर पेंगत बसलेलं असायचं. त्याचं नाव गहिनीनाथ.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चरवी आहे, दूध काढायचं भांडं. नगरच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा माझ्या पोटात तोंड बघून कुंकू लावता यायचं. आता कुशीला पोचा आहे आणि कल्हईवाला आमच्या पारनेरकडच्या वस्तीची वाट विसरला आहे. दावणीला तीन जर्सी गाई आल्या. त्यांचं दूध यंत्र काढतं आणि ते थेट डेअरीच्या कॅनमध्ये जातं. माझ्या वाट्याला एकटी गावठी गाय, चांदी, उरली. यंत्र जवळ आणलं की ती लाथ झाडते, म्हणून गहिनीनाथ तिला हाताने पिळतो. तेवढं घरापुरतं दूध माझं. सकाळ-संध्याकाळ मी गोठ्यात, बाकीचा दिवस स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी. त्यामुळे या घराचं दोन्हीकडचं मला ठाऊक असतं. ठाऊक असणं फार जड असतं, दुधापेक्षाही.

या घरात भुऱ्या नावाचा बोका आहे. डोळेसुद्धा न उघडलेलं पिल्लू होतं, तेव्हा गहिनीनाथच्या बायकोने, छबूबाईने, कापसाच्या वातीने दूध पाजून त्याला जगवलं. दीड वर्षापूर्वी तो हौदावर जाऊन सारखं पाणी प्यायला लागला. खायचा भरपूर आणि वाळायचा. मागचे पाय तर टाचा टेकून ओढायला लागला. पारनेरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "आजी, याला मधुमेह आहे. दूध, भाकरी, बिस्कीट सगळं बंद. रोज बारा-बारा तासांनी इन्सुलिन."

तेव्हापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही छबूबाईची दावण झाली. तिच्या गळ्यात तुळशीची माळ. तरी ती अंगणात तीन दगड मांडून, वेगळ्या पातेल्यात, पदराने नाक झाकून बोक्यासाठी कोंबडी उकडते. बिनमीठ, बिनहळद. बोका पोटभर खाईस्तोवर समोर बसते. मग फ्रिजमधली बाटली तळव्यांत हलकेच फिरवायची, खिडकीच्या उजेडाला सुई धरून औषध भरायचं, मानेमागची चामडी चिमटीत उचलायची आणि टोचायचं.

शेजारची लंकाबाई कुंपणावरून हसते. "बोक्याला सुई! अगं, आमचा सासरा साखरेनं गेला, त्याला कुनी अशी टोचली न्हाई."

"तुझा सासरा चावत हुता का गं?" छबूबाई म्हणते. "मग भेलीस कशाला?"

बोलते असं, पण दमली आहे. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेली नाही. "ऐन अक्षता पडायच्या टायमाला मांडवातनं उठू का?" म्हणाली. माहेरच्या जत्रेलाही नाही. मला राखेने घासताना तिचा हात मध्येच थांबतो आणि ती पुटपुटते, "दमले गं बाई." ऐकायला मीच असते.

आणि इतकं करून साखर उतरेना. एका युनिटाचे दोन झाले, दोनाचे तीन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चोरून काही खातो का हा?"

"न्हाई वो. मीच घालते, मीच बघते."

त्या दिवशी घरी येऊन ती किती तरी वेळ सुई डोळ्यांशी धरून बसली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. "रेघच दिसत न्हाई नीट," ती नवऱ्याला म्हणाली. "माझाच हात चुकतोय बघा."

गहिनीनाथ कोनाड्यात तंबाखूची डबी शोधू लागला. डबी त्याच्या खिशातच होती.

मित्रांनो, खरं काय ते मला माहीत होतं. रोज दोन्ही वेळेला तो मला गुडघ्यांत धरायचा, भुऱ्या येऊन ठरलेल्या जागी बसायचा, तोंड उघडायचा. आणि गहिनीनाथ सड वळवायचा. एक, दोन, तीन, चार. सुरुवातीचं दूध तसंही मातीतच सोडतात. ते खाण्यात कशाला मोजायचं, असं त्याला वाटत असेल. आईची रीत मोडवत नसेल. पण त्या दुधाने बोक्याची साखर चढायची, आणि चढलेली साखर पाहून डॉक्टरीणबाई औषध वाढवायच्या. माझ्यात पडली तर मी वाजते. माझ्यात न पडलेली धार मी कशी सांगू?

परवा गहिनीनाथ घोडेगावच्या बाजाराला गेला, मुक्कामी. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी चांदीला छबूबाईने पिळलं. भुऱ्या तोंड उघडून बसला. "सरक रं मेल्या, पाय पडंल," म्हणत तिने पहिल्या धारा मातीत सोडल्या. सात वाजता कोंबडी घातली आणि तीन युनिट टोचलं, रोजच्यासारखं.

अकराच्या सुमाराला भुऱ्या ओट्यावरून पडला. उठायला गेला, पुन्हा पडला. डोळे उघडे, पण ओळख नाही. छबूबाईने फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाई ओरडून सांगत होत्या, "साखर फार खाली गेली असणार! गुळाचं पाणी हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, नुसतं चोळा!"

दीड वर्ष ज्याच्यापासून गोडाचा कण दूर ठेवला, त्याच्याच तोंडाला ती बोटाने गूळ चोळत बसली. "चाट रं राजा, चाट." किती तरी वेळाने खरबरीत जीभ बोटाला लागली, तेव्हा ती जमिनीवरच बसून रडली. संध्याकाळची सुई द्यायची नाही, उद्या घेऊन या, असं फोनवर ठरलं.

मित्रांनो, जिवाला जीव लावा, माझी कुठे ना आहे? पण घरात एखादं आजारी असेल, माणूस असो की मांजर, तर त्याला लपवून घास भरवू नका. जिच्या हातात औषध आहे तिला आधी सांगा. लपवलेल्या मायेचा भार दुसऱ्याच कुणाच्या तरी हातावर पडतो.

संध्याकाळी गहिनीनाथ परतला. छबूबाईने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "उद्यापास्नं तुमीच टोचा. माझ्या डोळ्यांचा भरवसा न्हाई. तीनाच्या जागी पाच भरलं असंल मी. मारलाच हुता मी त्याला."

तो मला उचलून गोठ्यात आला. तीही मागे आली, भुऱ्याला पदरात घेऊन. भुऱ्या खाली उतरला, लटपटत ठरलेल्या जागी जाऊन बसला आणि त्याने तोंड उघडलं. गहिनीनाथचा हात सवयीने वळला आणि तिथेच थांबला. धार माझ्या काठावर आपटली, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी वाजले. त्याने चांदीच्या कुशीला कपाळ टेकलं. मागे वळून पाहिलं नाही.

"तुझा हात चुकला न्हाई," तो म्हणाला.

"काय म्हनता?"

"हात न्हाई अन् डोळाबी न्हाई. पयली धार मी पाजत हुतो त्याला. रोज, दोन्ही येळंला. काल सांजच्याला अन् आज सकाळी मी नव्हतो, त्याला ती घावली न्हाई, म्हनून पडला. तू म्हनायचीस, माझाच हात चुकतोय. अन् मी डबी हुडकायचो."