अडीच अंश

"पुन्हा लाव, वहिनी," नोल्बेर्तो म्हणाला.

एदेल्मिरा सकाळपासून नव्या थराचा तो कोळसा तिसऱ्यांदा जाळणार होती. चिलीच्या किनाऱ्यावरच्या त्या खाणीच्या प्रयोगशाळेत तिची एकतीस वर्षं याच कामात गेली होती. एक ग्रॅम कोळसा जाळायचा आणि त्यातून किती उष्णता निघते ते मोजायचं. वीजकेंद्राला ग्रॅममागे सहा हजार कॅलरी हव्या होत्या. नव्या थराच्या कोळशात तेवढ्या भरल्या नाहीत तर खाण बंद होणार होती.

नोल्बेर्तो तिचा धाकटा दीर आणि कामगार संघटनेचा पुढारी. त्याचा भाऊ, म्हणजे तिचा नवरा एवारिस्तो, याच खाणीत समुद्राखालच्या बोगद्यात दगावला होता. तिचा जावई आजही त्याच बोगद्यात उतरत होता.

तिने कोळशाची भुकटी दाबून वडी केली, ठिणगीच्या तारेला टेकवून पोलादी भांड्यात ठेवली, झाकण आवळलं, आत प्राणवायू भरला आणि भांडं तापमापी लावलेल्या पाण्यात सोडलं.

"साडेपाच हजारांच्या वर आहे ना? मग सहा लिही," तो हळूच म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"वीजकेंद्रात बॉयलर पेटला की सगळ्यांनाच दिसेल."

"तोवर वर्ष निघेल गं. पोरांच्या चुली वर्षभर पेटतील."

हा विचार एदेल्मिराच्याही मनात येऊन गेला होता, एकदा नव्हे, सकाळपासून कितीदा तरी. तिने खुर्ची सोडली आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

"तुम्हीच वाचा, भावोजी. मी बटण दाबते."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"पारा कळतो ना? आत्ता किती?"

त्याने डोळा भिंगाला लावला. "अठरा पूर्णांक दोन."

"अडीच अंश चढला तर सहा हजार. वीस पूर्णांक सात यायला हवा."

तिने बटण दाबलं. पाणी ढवळणाऱ्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. नोल्बेर्तो दर मिनिटाला आकडा सांगत गेला. आधी मोठ्याने, मग हळू. वीसच्या पुढे पारा रेंगाळला.

"वीस पूर्णांक पंचावन्न," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाला, "पंचावन्नच."

"पाच हजार सहाशे चाळीस," एदेल्मिराने वहीत लिहिलं. "सकाळीही जवळपास हेच आलं होतं."

त्याने भिंग टेबलावर ठेवलं आणि टोपी उचलून तो निघून गेला.

खाण बंद होणार हे कळलं आणि रविवारी संघटनेच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. एदेल्मिरा दाराशीच उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "त्या बाईनं मालकाला इमान विकलं! नवऱ्याचीही लाज नाही तिला!" तिचा जावई मान खाली घालून बसला होता.

नोल्बेर्तो उठला. "तिनं नाही वाचला तो आकडा. मी वाचला, या डोळ्यांनी. कोळशात दम नाही, बाबांनो. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा."

कुणी ओरडलं नाही. तो खाली बसला. त्याच्या शेजारचे दोघे उठून मागे जाऊन उभे राहिले.

एदेल्मिरा गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.