अकरावीचा ग्रंथ, नववीचे हात

मित्रांनो, कोणी मला हातात घेतले की मी घाबरतो. ग्रंथाने असे कबूल करणे शोभत नाही, हे मी जाणतो. पण मी कलनशास्त्राचा, म्हणजे कॅल्क्युलसचा, सहाशे चौदा पानांचा जुना मार्गदर्शक आहे, आणि माझे भय मी ऐकीव गोष्टींवरून उचललेले नाही.

अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाच्या परीक्षा असतात. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय शिकायचा, मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची आणि एक ते पाच यांपैकी गुण मिळवायचा. वर्गात न बसता, घरी स्वतः अभ्यास करून भारतातूनही ती देता येते, आणि परदेशी कॉलेजच्या प्रवेशाला तो गुण उपयोगी पडतो. विषय मात्र आपली तयारी पाहून निवडायचा असतो. ‘पाहून’ या शब्दावर सारा भार आहे, आणि लोक नेमका तोच गाळतात.

माझे पहिले घर हुबळीजवळच्या नवनगरात होते. श्रीहर्षने मला घेतले तेव्हा तो अकरावीत होता. त्रिकोणमिती त्याच्या हातचा मळ होती. माझ्या समासात तो पेन्सिलीने माझ्याशी भांडत असे. एका सिद्धतेशेजारी त्याने चक्क ‘अरे वा!’ असे लिहिले आहे. त्याला पाचपैकी पाच मिळाले. त्याची आई अनिता पाहुण्यांपुढे मला ठेवी आणि पाहुणे मला चाळल्याचे सोंग करीत. मग श्रीहर्ष परदेशी शिकायला गेला आणि मी कपाटात वीजबिलांच्या फायलीखाली गेलो. त्या दुर्लक्षाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

एके दिवशी श्रीहर्षचे काका दत्तात्रेय आले. ते हुबळीत वकिली करतात.

“वहिनी, हा मी नेतो. आमच्या वेदाला.”

“भाऊजी, वेदश्री नववीत आहे की अजून! हर्षा अकरावीत होता.”

“म्हणूनच त्याच्या तीनच परीक्षा झाल्या. नववीपासून धरलं तर पाच यंदा, पाच पुढं. गणित सोपं आहे.”

“ते तुमचं गणित हो. ह्यातलं बघितलंय का एकदा तरी?”

ते हसले आणि मला काळ्या कोटाच्या पिशवीत घालून विद्यानगरला आपल्या घरी घेऊन आले.

तिथे मेजावर चार ग्रंथ आधीच बसलेले होते : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र आणि मानसशास्त्र. पाचवा मी. साक्षीदार किती हे नव्हे, साक्षीचे वजन किती हे पाहावे, असे न्यायालयात रोज सांगणाऱ्या गृहस्थाने घरी मात्र केवळ डोकी मोजली.

वेदश्रीने मला तपकिरी कव्हर घातले, वर नाव लिहिले. तिचे अक्षर सुंदर आहे. पहिल्याच आठवड्यात तिला माझ्या सीमेच्या, म्हणजे लिमिटच्या, एका उदाहरणात वर ‘साईन एक्स’ आणि खाली ‘एक्स’ दिसला. साईन म्हणजे काय, हे तिच्या शाळेत पुढल्या वर्षी शिकवणार होते. तिने वरचा एक्स आणि खालचा एक्स काट मारून उडवले आणि ‘साईन’ एवढेच उत्तर लिहिले. मग तिने माझे मागचे, उत्तरांचे पान उघडले. तिथे ‘एक’ असे उत्तर होते. ती बराच वेळ त्या एकाकडे पाहत राहिली. तिच्या अंगठ्याच्या घामाचा डाग त्या पानावर अजून आहे.

तिने आपले उत्तर खोडले, मागचे उतरवले आणि खाली लिहिले, ‘झाले’.

त्यानंतर ती रोज असेच करू लागली. संध्याकाळी जिन्यावर बूट वाजले की ती घाईघाईने आणखी एक ‘झाले’ लिहून टाकी. वडील येत, मला उलटत, ‘झाले’ मोजत आणि खूश होऊन बक्षीस म्हणून कोपऱ्यावरच्या गाड्यावरचे चुरमुऱ्यांचे चटकदार गिरमिट आणीत. तो माणूस दुष्ट नव्हता, मित्रांनो. दुष्ट असता तर तिने निदान रागावून घेतले असते. ती ते गिरमिट मान खाली घालून, पाण्याच्या घोटाबरोबर गिळे. मी सारे पाहत होतो. मला तोंड नाही, आणि जी उत्तरे तिला बुडवीत होती, ती माझ्याच पोटात छापलेली होती.

नवरात्र आले. या घरची रीत अशी, की मूळ नक्षत्रावर पुस्तके चौरंगावर सरस्वतीपुढे बसवायची आणि श्रवण नक्षत्रावर उचलायची. मधल्या दिवसांत वाचायचे नाही. उचलताना प्रत्येक पुस्तकातले थोडेसे देवीला वाचून दाखवायचे.

“परीक्षेची नोंदणी पुढच्या आठवड्यात आहे,” वडील म्हणाले. “बसवशील त्या पुस्तकांच्या परीक्षा. देवीपुढं ठेवलेलं मागं घ्यायचं नाही हं.”

तिने त्यांच्याकडे पाहिले. मग पाचही बसवली. तिच्या पाठीवर दोन बोटे ठेवून त्यांनी शाबासकी दिली.

ते दिवस मी झेंडूखाली काढले. घरात पुरण शिजत होते, वेदश्री कित्येक आठवड्यांनी दुपारची गाढ झोपली होती, आणि मी एकटाच मोजत होतो : श्रवण नक्षत्राला दोन दिवस, एक दिवस, एक रात्र.

त्या सकाळी धारवाडहून विमलआत्या आल्या. दत्तात्रेयांच्या थोरल्या बहीण. तीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवलेल्या. उत्तरपूजा झाली. त्यांनी माझ्यावरची फुले झटकली आणि मला वेदश्रीपुढे धरले.

“गणिताचं वाचून काय दाखवतेस? एक उदाहरण सोडव की. देवीला तेवढंच बरं वाटेल.”

“अक्का, शंभर पानं झालीत तिची!” दत्तात्रेय म्हणाले.

“हौदा? खरंच? मग मलाही बघू दे.”

वेदश्रीने पेन्सिल घेतली. टोक कागदाला टेकले आणि तिथेच राहिले. एक ठिपका गडद होत गेला.

“कर की गं,” वडील म्हणाले. “ह्या पानावर तर ‘झाले’ लिहिलंयस.”

“झालं नाही, अप्पा.” आवाज इतका लहान होता की निरांजनाची ज्योतसुद्धा हलली नसती. “एकही झालं नाही. मागं बघून लिहिलं सगळं.”

दत्तात्रेयांनी मला हिसकावून घेतले आणि भराभर पाने उलटली, जणू कुठेतरी एक तरी खरे ‘झाले’ सापडेल. मग ते आत्यांवर ओरडले, “देवीपुढं ठेवलंय, अक्का! आता मागं कसं घ्यायचं?”

“देवीनं फॉर्मवर सही करायला सांगितलं काय? ती तुझी सही. साकु, दत्ता. पुरे कर.” आत्यांनी पोरीकडे वळून विचारले, “ह्यातलं तू आपण होऊन काय वाचलंस?”

तिने मानसशास्त्राकडे बोट दाखवले. त्याच्या समासात तिचे स्वतःचे प्रश्न होते, चुकीच्या स्पेलिंगचे, पण तिचेच.

“ते गोष्टीचं पुस्तक,” वडील पुटपुटले.

“बरं झालं. एकाच गोष्टीची परीक्षा देऊ दे.”

दोन तरी, असे त्यांनी एकदा म्हणून पाहिले. नोंदणी एकाच परीक्षेची झाली. पूजेच्या त्या दिवशी ते लेकीशी बोलले नाहीत. तिने मात्र दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

मी पुन्हा कपाटात आहे. पण मला ठेवताना दत्तात्रेय म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू,” आणि त्यांनी मला खाली नव्हे, डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवले. म्हणून अजूनही बूट वाजले की माझी शिवण आक्रसते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला अभ्यासाला घेण्याआधी माझे सातवे पान वाचा; माझ्याआधी काय यायला हवे, ते तिथे उदाहरणांसह दिले आहे. ते समजले, तर मी तुमचा. नाही समजले, तर मला मिटा आणि घरात मोठ्याने सांगा, की समजले नाही. मी कागदाचा आहे. कोणी कुणाच्याही हातात दिले तरी मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.