लाडवाचे हात

संत्र्याची साल किसताना केशरी तेवढंच घ्यावं. खालचं पांढरं लागलं की कडू.

कल्याणहून ठाण्याला यायचं तर डोंबिवली वाटेतच पडते.

वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात एसीच्या रिमोटवरून दोन बायका गणपतीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यातली जिला कायम उकडतं, ती सुमेधा.

पितळी परात, एका कडेला पोचा. परातीत भाजलेलं बेसन आणि पिठीसाखर एक झाली की आई पदराला हात पुसून बाजूला सरकायची आणि हाक मारायची, सुमे, ये गं.

भाऊबीजेला भावाने आधी थोरलीकडे जायचं. असं कुठे लिहिलेलं नाही.

ट्रफल हा शब्द सुमेधाने एकदाही उच्चारला नाही. ती म्हणायची, गोळे.

*

आता ही पांगापांग गोळा करू.

सुमेधा राहते वर्तकनगरला, कॉलनीतल्या वरच्या मजल्यावर. तिची धाकटी बहीण नयन डोंबिवली पूर्वेला. दोघींच्या पाठचा सिद्धेश कल्याणला. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून भाऊबीजेची रीत अशी, की सिद्धेश सकाळी बाइकवर निघायचा, नयनच्या बिल्डिंगची टाकी दिसते इतक्या जवळून पुढे जायचा आणि थेट ठाणं गाठायचा. सुमेधाकडे ओवाळून घ्यायचं, बेसनाचा लाडू खायचा, पोटभर जेवायचं, आणि मग उलट डोंबिवलीला, नयनच्या संध्याकाळच्या ओवाळणीला. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अंगाची कणीक व्हायची, दुप्पट पेट्रोल जळायचं, पण आधी ताई म्हणजे ताई. सुमेधाला त्याची ती उलटी फेरी फार आवडायची. दारात त्याचं हेल्मेट काढून घेताना तिला दरवर्षी एकदा वाटायचंच, की आत्ता नयन घड्याळ बघत असेल.

यंदा वसुबारसेच्या आधी त्याचा फोन आला. फराळाची चौकशी झाली, भावोजींच्या गुडघ्याची झाली. मग म्हणाला, की या वेळी सकाळी नयनकडे जाऊन येतो आणि संध्याकाळी तुझ्याकडे. त्याची बायको पायल तिच्या भावाकडे असणार, लेक सान्वी त्याच्याबरोबर असणार, आणि सान्वीने गेल्या नाताळात नयनआत्याचे ते चॉकलेट आणि संत्र्याचे ट्रफल खाल्ल्यापासून धोशा लावला होता. नयन दिवाळीला पुन्हा करणार होती. पोरीला दिवसभर कसं थोपवायचं?

"आणि वाटेतच आहे ना गं ताई," तो म्हणाला.

वाटेतच आहे हे त्याला इतक्या वर्षांनी दिसलं होतं.

सुमेधा म्हणाली, हो रे, ये की, त्यात काय एवढं. फोन ठेवला आणि ओट्यावरचं घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

*

बेसनाचं मिश्रण कोमट आहे तोवरच लाडू वळावे लागतात. एकदा का ते गार झालं की नुसता भुगा. सुमेधाचे तळवे जन्मापासून गरम. ती वळायला बसली की गार होत आलेलं बेसनसुद्धा तिच्या मुठीत पुन्हा तूप सोडायचं आणि लाडू कसा गोटीसारखा गुळगुळीत उतरायचा. आई शेजारणींना बोलावून दाखवायची. म्हणायची, आमच्या सुमेधाचे हात लाडवाचे.

नयनचे हात गार. मे महिन्यातसुद्धा गार. तिने वळलेला लाडू ताटात टेकेपर्यंत तडकायचा. तिला बेदाण्यांची वाटी देऊन ताटाच्या टोकाला बसवत. एकदा ती हट्टाने परातीशी येऊन बसली, तेव्हा सुमेधानेच तिला हुसकलं होतं. ऊठ, मढ्याचे हात तुझे. नयन रडली नाही. उठली, वाटीपाशी जाऊन बसली आणि एकेका लाडवावर एकेक बेदाणा दाबत राहिली.

त्या बेदाणेवालीच्या गोळ्यांसाठी आता बाइक डोंबिवलीला थांबणार होती.

*

कृती. डार्क चॉकलेट बारीक चिरावं. क्रीम तापवून, उकळी फुटायच्या आत उतरवून त्यावर ओतावं. थोडा वेळ हात लावू नये.

हे मोबाइलवरच्या एका बाईने सांगितलं. सुमेधाने अर्धंच ऐकलं. जन्म गेला स्वयंपाकात, गोळे वळायला आता मोबाइल लागणार का? चॉकलेटची लादी मोडून पातेल्यात टाकली आणि गॅसवर ठेवली. साल किसत बसण्याचा तिला उबग आला. संत्र्याचे म्हणायचे तर संत्र्याचा रस नको का? तिने दोन फोडी वरून पिळल्या.

चॉकलेट रुसल्यासारखं आक्रसलं. बघता बघता त्याचा खरबरीत, सुकलेला गोळा झाला आणि पातेल्याच्या बुडाला धरून बसला.

साईनाथ पाणी प्यायला आत आला. त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं, मग बायकोकडे.

"कॉलनीचा रस्ता यंदा तू करून देणार वाटतं."

सुमेधाने उलथन्याने बूड खरवडायला घेतलं. तेव्हा त्याला कळलं की गंमत करायची वेळ नाही, आणि तो पाणी न पिताच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिने नवी लादी आणली, क्रीम आणलं, संत्री आणली. या वेळी बाईचं सगळं ऐकलं. साल किसली, केशरी तेवढीच. मिश्रण झकास जमलं, आरशासारखं चकाकत होतं. फ्रीजमध्ये ठेवलं, घट्ट झालं. चमचाभर घेऊन ती वळायला बसली. सवयीने तळव्यांना तूप लावलं.

पहिला गोळा हातातच पाघळला. दुसरा बोटांच्या फटींतून निघाला. तिने हात धुतले, पुसले, नळाखाली धरले, फ्रीजमध्ये घालून उभी राहिली. पाण्याबाहेर आले की हात पुन्हा आपले तापलेले. शेवटी मनगटापर्यंत काळी होऊन ती मोरीशी उभी होती आणि तिला दिसत होती नयन. गोबऱ्या गालांची, बेदाण्यांची वाटी मांडीत घेतलेली, आणि कुणी न शिकवता हे वळू शकणारी.

आईने एवढं कौतुक केलेले हात. आणि ते कामाला आले कशाला, तर जे गरम असतं त्यालाच.

*

कृतीत नसलेला भाग.

धनत्रयोदशीला सुमेधाने नयनला फोन केला, की मदतीला येते. नयनने विचारलं, खरंच? ऑफिस? सुमेधाने सुट्टी टाकली होती. इतक्या वर्षांत फराळाच्या दिवसांत ती धाकटीकडे कधी गेली नव्हती. फराळाचा डबा नेहमी ठाण्याहून डोंबिवलीला जायचा. उलटा कधी आला असेल तर तो रिकामा डबा.

नयनने दार उघडलं तेव्हा तिच्या नाकाला कोको लागलेला होता. स्वयंपाकघरात पंखा बंद होता, कारण कोको उडतो. तिने ओट्यावर जागा केली नव्हती. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर ताटं, आणि दोन पाट समोरासमोर.

"ओट्यावर नको ना ताई. खाली बसू, तसं."

कसं, ते तिने सांगितलं नाही. तिने घट्ट झालेलं मिश्रण बाहेर काढलं, सुमेधाच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः कोकोच्या ताटाशी सरकली.

"तू वळ. मी नुसती घोळवते."

सुमेधाला वाटलं होतं नयन का-कू करेल. हसून म्हणेल, अगं ताई, तुझे हात म्हणजे तवा, तू बस, मी करते. तिने बसमध्ये त्याची उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. इथे तर सगळं ताटच पुढे आलं.

तिने आधी चहा मागितला.

नयनने स्टीलच्या पेल्यात चहा दिला. सुमेधा तो घोटभर प्यायली आणि पेला दोन्ही तळव्यांत धरून बसली. चटका बसत होता तरी सोडला नाही. नयन बोलत होती. सिद्धेश किती बारीक झालाय, सान्वीचे दात कसे पडलेत, साल किसणीच्या कुठल्या बाजूने किसावी. सगळं उलगडून सांगत होती, राखून ठेवल्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं. पेल्याचा चटका कोपरापर्यंत चढला, तेव्हा सुमेधाने तो बाजूला ठेवला आणि पहिला गोळा उचलला.

तो वितळला. तिने तसाच ताटात सोडला. दुसरा उचलला.

हे तिला कळत होतं. पुढे कधी कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्या हातांना मी काय करू. पण पेला तिनेच धरला होता, आणि पहिले गोळे नासल्यावर तिने पुन्हा चहा मागितला होता. भाऊबीजेच्या सकाळी ताट पुढे येईल, सान्वी नाक मुरडेल, सिद्धेश पुढच्या वर्षी मुकाट ठाण्याला येईल. एवढंच तिला हवं होतं.

चपटे, बोटांचे ठसे उमटलेले, एका बाजूला ओघळलेले गोळे ताटात जमत गेले. नयन एकेक उचलत होती, कोकोत हलकेच लोळवत होती, कडेला मांडत होती. एकाला तर तिने बोटाने जरा आकार द्यायला घेतला आणि मग तसाच राहू दिला. तिच्या बोटांना चॉकलेट लागतच नव्हतं. सुमेधा ते बघत होती.

उरलेलं मिश्रण नयनने फ्रीजमध्ये टाकलं. म्हणाली, हे मी उद्या बघते, तू दमलीस. सुमेधा निघाली तेव्हा नयनने तिचे हात स्वतः कोमट पाण्याने धुऊन दिले, लहान पोराचे धुवावेत तसे. तिची बोटं बर्फासारखी लागली. सुमेधाने हात जरा लवकरच मागे घेतले.

*

भाऊबीज. सकाळी कुणी येणार नव्हतं.

सुमेधाने तरी नेहमीच्याच वेळेला रांगोळी काढली. साईनाथने विचारलं, आत्ताच कशाला? ती म्हणाली, रांगोळी सकाळीच काढतात. दुपारभर ती घड्याळ बघत होती. डोंबिवलीला आत्ता ओवाळून झालं असेल. आत्ता ताट पुढे आलं असेल. आत्ता सान्वीने तोंड वाकडं केलं असेल.

दिवेलागणीला ते आले. सिद्धेश खरंच बारीक झाला होता. तिने ओवाळलं, लाडू पुढे केला. तो अर्धा एका घासात गेला.

"आईसारखा झालाय का रे?" ती दरवर्षी विचारायची.

"अगदी आईच्या हातचा," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. हेही दरवर्षीचंच.

मग सान्वीने पाठीवरच्या पिशवीतून डबा काढला. नयनआत्याने दिलाय, फक्त तुझ्यासाठी. डब्यात सगळे गोळे सारखे, वाटोळे, कुठे ठसा नाही. सुमेधाने विचारलं, आणि ते दुसरे? मी वळलेले? कसे लागले?

सिद्धेश हसला.

"ते कुठे मिळतायत खायला. वाकडे सगळे तिने स्वतःसाठी ठेवून घेतले. मी एक मागितला तर ताट उचलून आत घेऊन गेली."

"का?"

"म्हणाली, हे ताईने माझ्यासमोर बसून वळलेत. हे मी कुणाला देणार नाही."

साईनाथ म्हणाला, बघा, बहिणी बघा. सुमेधा डब्याकडे बघत होती. तिला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. तिला वाटलं, हेसुद्धा हिनेच घेतलं. भाऊ सकाळचा घेतला, पोरगी घेतली, आणि आता मोठेपणाही हिनेच घेतला, थोरली मी असून. नासवलेलं ताट जपून ठेवणारी माणसं असतात, त्यांच्यापुढे दुसऱ्याने करायचं तरी काय?

तिने डब्यातला एक गोळा उचलला. तोंडाजवळ नेला. सालीचा वास, केशरी तेवढाच, आणि मागून चॉकलेटचा. चांगलाच असणार तो. तिने तो खाल्ला नाही, मूठ मिटली आणि तशीच बसून राहिली.

"आत्या, खा ना," सान्वी म्हणाली. "वितळतंय."

बोटांच्या फटींतून काळी धार निघाली आणि मनगटावरून बांगड्यांपर्यंत आली. सिद्धेशने खिशातला रुमाल पुढे केला. सुमेधाने मूठ उघडली नाही.

आईने स्वतः जन्मात एकही लाडू वळला नव्हता, बेसन एक झालं की ती बाजूला सरकायची. तिचे हात नयनसारखे होते, बारा महिने गार.