उजवीकडची सीट

कुठल्या भागातले लोक सुटीच्या दिवशी काय करतात, हे मिस्त्रीला कुणाला विचारावं लागत नसे. दुरुस्तीला येणारं सामानच त्याच्याकडे चहाड्या करायचं. डोंगराळ भागातल्या सायकलींचे ब्रेक झिजून भुगा झालेले असत. सपाट मुलखातल्या सायकलींचे ब्रेक नवेकोरे, पण सीट बसून बसून पार चेपलेली. जंगलाकडची माणसं तंबू न्यायची आणि धुराने काळे करून आणायची. समुद्राकडच्या लोकांना गळ टाकून बसण्यापुढे दुसरी मौज ठाऊक नव्हती, आणि गळ परत करताना त्याला माशाचा वास तसाच ठेवायचा, ही त्यांची खोड. मिस्त्री अर्धं आयुष्य हे सगळं निस्तरत आला होता. त्याची कंपनी असलं सामान भाड्याने द्यायची. तिच्या शाखा देशभर होत्या, आणि हंगामाच्या आधी तो पेटी घेऊन एकेका शाखेत जायचा.

तलावाकाठची शाखा त्याच्याकडे यंदाच आली होती. तिथला आधीचा मिस्त्री नोकरी सोडून गेला, एवढंच त्याला सांगण्यात आलं. साहेबाच्या खोलीत भिंतीवर नकाशा होता आणि कुठे काय चालतं त्याच्या रंगीत टाचण्या त्यावर टोचलेल्या होत्या. बाकीच्या गावांवर चार-पाच रंगांची दाटी, या गावावर एकच निळी टाचणी.

"सायकली पाठवल्या, त्या गंजून परत आल्या. तंबूंच्या घड्यासुद्धा कुणी मोडल्या नाहीत," साहेब म्हणाला. "या लोकांना पायडलच्या बोटीशिवाय दुसरं काही सुचतच नाही. काय भानगड आहे, जरा बघून या."

मिस्त्रीला त्या भानगडीत काडीचा रस नव्हता. त्याला घरचीच चिंता पुरून उरली होती. त्याची एकुलती एक लेक सोळाव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. एका जागी कधी बसायची नाही म्हणून तो तिला स्प्रिंग म्हणायचा. ती गेली आणि बायकोच्या तोंडाला कुलूप लागलं. जेवण वाढलंय, साबण संपलाय, दार लावून घ्या, एवढंच बोलायची. तिला एकटीला मागे ठेवायला त्याचा जीव धजेना, म्हणून तो तिला बरोबर घेऊन निघाला. शेजाऱ्यांना सांगितलं, हवापालट होईल. खरं म्हणजे त्याला ती माणसांत परत हवी होती. एक गेली ती गेली, आता दुसरी डोळ्यांदेखत झिजत चालली होती, आणि त्याच्या पेटीतला एकही पाना तिथे लागू पडत नव्हता.

गावात त्यांना वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. खिडकीतून सगळा तलाव दिसायचा. बायको आल्या आल्या खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली, आणि सकाळी तो पेटी उचलून निघाला तेव्हाही तिथेच बसलेली होती.

शाखा म्हणजे धक्क्यावरची पत्र्याची टपरी. तिच्या खिडकीत एक वयस्कर तिकीटवाली लोकरीचं काहीतरी विणत बसली होती. बाहेर ही मोठी रांग, पण रांगेत गलका म्हणून नाही. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघतात तशी माणसं गप्प उभी होती. एका म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. एक बाई हातातल्या आरशात बघून पुन्हा पुन्हा केस सारखे करत होती. प्रत्येकाला एक बोट. बोट दोघांची, बसायचं मात्र एकट्याने, आणि तेही डावीकडेच. दोन सीटच्या मध्ये सुकाणूचं हँडल असायचं. बोट सुटताना तिकीटवाली विणकामातून मान वर न करता म्हणायची, "हँडल सोडू नका." माणसं मान डोलवायची आणि पायडल मारायला लागायची.

मिस्त्रीला आधी हसू आलं. गावच्या गाव एकलकोंडं असावं म्हणजे कमाल झाली. मग त्याचं लक्ष बोटींकडे गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

एकटा माणूस डावीकडे बसला की बोट डावीकडे कलणार, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. धक्क्यावरून निघताना त्या कलायच्याही. पण पाण्यात थोड्या अंतरावर खुणेसाठी एक लाल पिंप बांधलेलं होतं. त्या पिंपापलीकडे गेली की प्रत्येक बोट जराशी डोलायची आणि हळूच सरळ व्हायची. कुणीतरी काठ धरून, सांभाळून शेजारी येऊन बसावं तशी. मग बोटीतला माणूस मान उजवीकडे वळवायचा आणि बोलायला लागायचा. परत येताना पिंपापाशी बोट पुन्हा डोलायची, आणि कलती होऊन धक्क्याला लागायची. उतरणाऱ्यांचे डोळे लाल असायचे. बरेचसे आपला उजवा खांदा चोळत घरी जायचे.

उन्हाचा खेळ असेल, अशी मिस्त्रीने स्वतःची समजूत काढली आणि दुरुस्तीला काढून ठेवलेल्या बोटींकडे वळला. पायडलं चारही एकाच दांड्यावर असतात. डावीकडून मारली की उजवीकडची आपोआप फिरतात. पण त्यांच्यावरचं रबर नुसतं फिरून झिजत नाही, त्याला पाय लागावा लागतो. त्याने अंगठ्याने चाचपून पाहिलं. उजवीकडचं रबर डावीकडच्याइतकंच गुळगुळीत झालं होतं. दुसऱ्या बोटीत तेच, तिसऱ्या बोटीत तेच. चौथ्या बोटीत उजवीकडचं रबर शाबूत होतं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याला सीटच्या खाली, पुढच्या बाजूला, टाचा आपटून उठलेले ओरखडे दिसले. पाय पायडलांपर्यंत पोचत नसले की लहान मूल पाय हलवत बसतं, तेव्हा उठतात तसे.

हात पुसत तो टपरीपाशी गेला.

"या बोटी दोघांच्या आहेत ना?" त्याने विचारलं.

"मग दोघंच बसतात की," तिकीटवाली म्हणाली.

"मला एकेकटेच दिसतात."

तिने चष्मा नाकावर खाली ओढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्याकडे लोक डोंगर चढतात म्हणे. वर गेल्यावर काय मिळतं?"

"काही नाही. उतरतात परत."

"इथे मिळतं," ती म्हणाली आणि पुन्हा सुया चालवायला लागली. "ज्याचं जे माणूस गेलंय ते येऊन बसतं. अर्धा तास बोलतं, हसतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त त्यांना परत एकटं जायचं नसतं. हँडल मोकळं दिसलं की ते धरतात आणि बोट पलीकडे नेतात. म्हणून हँडल आपल्या हातात ठेवायचं."

"आणि सोडलं तर?"

"बोट सापडते. तिकडे पाणगवतात, रिकामी. तुमच्या आधीच्या मिस्त्रींची तशीच सापडली." एक टाका सुटला होता, तो तिने शांतपणे उचलला. "हुशार माणूस होता. बायकोवर फार जीव होता त्याचा."

मिस्त्री जवळजवळ धावतच खोलीवर आला. बायकोला घेऊन आजच्या आज निघायचं, काम गेलं खड्ड्यात, असं त्याने जिन्यातच ठरवलं होतं. दार उघडलं तर बायको आरशासमोर उभी होती. तिने केस विंचरले होते. ठेवणीतली साडी नेसली होती. खांद्यावर लेकीचा पिवळा स्वेटर होता. तो तिने बॅगेत घातला होता हे त्याला माहीतही नव्हतं.

"लाल पिंपापाशी कुणीतरी येऊन बसतं," ती म्हणाली. "मी कालपासून बघतेय. खालच्या घरमालकिणीने हँडलचंही सांगितलं. दुपारी मी जाऊन येते."

"आपण दोघं जाऊ," त्याच्या तोंडून निघालं.

"तुम्ही बसलात तर ती कुठे बसेल?"

वर्षभरात ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट एक तजेला होता, आणि त्या तजेल्याचीच त्याला भीती वाटली. ती हँडल धरायला निघालेली नव्हती. हे त्याला तिच्या शांतपणावरून कळलं. नको म्हणावं तर ती आज ना उद्या एकटी येणार, आणि तेव्हा तो जवळ नसणार. नवरा म्हणून त्याने हात टेकले. मिस्त्री म्हणून टेकले नाहीत.

तिला जेवायला बसवून तो धक्क्यावर परत आला. एक बोट निवडली, मागचं सुकाणू जरासं डावीकडे वळवलं आणि बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळला. आता कुणीही हँडल कितीही फिरवलं तरी बोट डावीकडेच वळत राहणार, गोल फिरून धक्क्याकडेच येणार. तिकीटवाली खिडकीतून बघत होती.

दुपारी बायको त्या बोटीत डावीकडे बसली. स्वेटर तिने शेजारच्या सीटवर ठेवला.

"हँडल सोडू नका," तिकीटवाली म्हणाली.

बायकोने मान डोलवली नाही.

मिस्त्री धक्क्याच्या टोकाला उभा राहिला. पाना हातातच राहिला होता. बोट कलती कलती लाल पिंपापर्यंत गेली, पलीकडे सरकली, डोलली आणि सरळ झाली. बायकोने मान उजवीकडे वळवली. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता, आणि तो थांबत नव्हता. वर्षभर साठलेलं सगळं ती बोलत होती. मग तिने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

हँडल हललं. तिचे हात मांडीवर होते आणि हँडल उजवीकडे ओढलं जात होतं. आधी हळू, मग हिसके देऊन. बोटीचं नाक पलीकडच्या पाणगवताकडे थोडं वळल्यासारखं झालं. बोल्ट टिकेल का, आटा घसरला तर काय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग बोट डावीकडे झुकायला लागली. मोठा वळसा घेऊन ती धक्क्याकडे आली, त्याच्या समोरून गेली आणि पुन्हा लांब गेली. पुन्हा हिसके, पुन्हा वळसा. प्रत्येक फेरीला बायकोचा चेहरा जवळ यायचा. ती आता पुढे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

मग हँडल थांबलं. पाण्यावरून हसू ऐकू आलं. ते दोघींचं होतं. त्यातलं एक त्याच्या इतक्या ओळखीचं होतं, की त्याने धक्क्याचा खांब धरला.

या खेपेला बोट वळसा घेऊन पिंपाच्या अलीकडे आली. डोलली नाही, कलली नाही, सरळच्या सरळ येऊन धक्क्याला लागली. बायको उठली. त्याने हात दिला, ती वर आली, आणि हात सोडला नाही.

"तिने ओळखलं," ती म्हणाली. "हँडल फिरवून फिरवून दमली, मग हसत सुटली. म्हणाली, हे बाबांनी आवळलंय."

त्याने विचारलं, "तुला जायचं होतं ना?"

"होतं." तिने लपवलं नाही. "पण प्रत्येक फेरीला तुम्ही समोर दिसायचात. पाना घेऊन, येड्यासारखे उभे."

त्याने तिच्या खांद्यावरून बोटीकडे पाहिलं. बोट रिकामी होती, आणि उजवीकडे कललेली होती. पिवळा स्वेटर सीटवर नव्हता, कुठेच नव्हता. पायडलं पुढे-मागे, पुढे-मागे हलत होती. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

वर्षभर तो बायकोला सांभाळत होता. स्वतः रडायला त्याला सवड झाली नव्हती. आता तो धक्क्यावर गुडघे टेकून बसला, आणि काय करतोय ते कळायच्या आत त्याचा पान्याचा हात बोटीच्या मागच्या बाजूला, सुकाणूच्या बोल्टकडे गेला. एवढा ढिला केला की झालं. पायडलं हलायची थांबली, जणू ती वाट बघत होती.

बायकोने वाकून त्याच्या मुठीतून पाना काढून घेतला.

"बोल्ट आहे तसाच राहू दे," ती म्हणाली. "जा, बसा तिच्याजवळ. मी इथे उभी आहे."

तो उतरून डावीकडे बसला, आणि बोट सरळ झाली.